बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची कारक आणि संवेदन कौशल्यं कशी तपासावीत : टप्प्याटप्प्याने

‘ठोकळ्यावर ठोकळा ठेव’ असं सांगितलं, मुलाने ठेवला नाही, तक्त्यात फुली पडली. माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी अहवालांत अशा फुल्यांच्या रांगाच असतात. त्या फुलीवरून काय समजायचं? ठोकळा दिसलाच नाही? सूचना ऐकू आली नाही? ऐकू आली पण कळली नाही? कळली, पण हाताने साथ दिली नाही? की सगळं जमत होतं, फक्त त्या अनोळखी खोलीत करावंसं वाटलं नाही? पाच कारणं आहेत आणि पाचांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. चष्मा हवा असलेल्या मुलाला वर्षभर बोटांचे व्यायाम दिले, तर त्याचं ते वर्ष वाया जातं.

कारक कौशल्यं म्हणजे अंगाच्या आणि हातांच्या हालचाली, संवेदन कौशल्यं म्हणजे पाहणं, ऐकणं, स्पर्श, तोल यांची जाणीव. खालचे सगळे टप्पे ही पाच कारणं एकमेकांपासून सोडवण्यासाठी आहेत. विशेष शिक्षक आणि नव्याने काम सुरू केलेले थेरपिस्ट यांच्यासाठी ते मुख्यतः लिहिले आहेत. पालकांनाही निरीक्षणाचा भाग घरी करता येईल. निदान करणं हे मात्र डॉक्टरांचं काम, ते या तपासणीत येत नाही.

टप्पा १ : मूल खोलीत येण्याआधीची माहिती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हा टप्पा बहुतेक जण गाळतातच.

वय वर्षं आणि महिन्यांत काढा. मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर साधारण दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरतात. दोन महिने आधी जन्मलेलं २० महिन्यांचं मूल तुमच्या तक्त्यात १८ महिन्यांचं.

झटक्यांची (फिट येण्याची) चौकशी नीट करा. शेवटचा झटका कधी आला, कसा असतो, कशाने येतो. झटका येऊन गेल्यावर काही मुलं कित्येक तास गुंगीत असतात, काहींची एक बाजू तात्पुरती लुळी पडते. त्या दिवशी तपासणी करू नका, मुलाला घरी पाठवा. औषधांची नावं आणि वेळाही लिहून घ्या. झटक्यांवरच्या आणि वागणुकीसाठी दिलेल्या काही औषधांनी झोप येते, तोल जातो, हात थरथरतो. डोस नुकताच बदलला असेल, तर तीही नोंद हवी.

मूल ‘हो’ आणि ‘नको’ कसं सांगतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मान वळवणं, हात झटकणं, डोळे मिटणं, एखादा ठरावीक आवाज... प्रत्येकाची रीत वेगळी. ती माहीत नसेल, तर त्याचा नकार तुम्हाला अक्षमता वाटेल.

पालकांना ‘चालतो का?’, ‘स्वतः जेवतो का?’ असे हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. ‘सकाळी उठल्यावर अंथरुणापासून बाथरूमपर्यंत तो कसा जातो, सांगा’ असं विचारा. मग कळतं की तो भिंत धरून जातो, उंबऱ्याशी थांबतो आणि आईचा हात आला की मगच पाय उचलतो. घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ मिळाला तर उत्तमच. घरी करतो ते तुमच्यासमोर करेलच असं नाही.

सावधान : आधी येणारी गोष्ट आता येत नाही असं पालकांनी सांगितलं, मग ती चालणं असो, हाताने धरणं असो की शब्द, तर तपासणीचा तक्ता बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे पाठवा. उशिरा शिकणं आणि शिकलेलं गमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सावधान : डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. कोलांटी, मान जोरात वाकवणं, ट्रॅम्पोलिनवर उड्या हे तपासणीत नकोच. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चाल अचानक बदलणं, लघवीवरचा ताबा जाणं यांपैकी काहीही दिसलं, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

टप्पा २ : आधी डोळे आणि कान

नजर आणि श्रवण तपासून झाल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही निकालावर विश्वास ठेवता येत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये चष्म्याचा नंबर, तिरळेपणा आणि कमी ऐकू येणं ही सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतात. डाउन सिंड्रोममध्ये कानाच्या पडद्यामागे द्रव साठणं नेहमीचं. त्यामुळे मूल या आठवड्यात ऐकतं, पुढच्या आठवड्यात ऐकत नाही, आणि ‘हट्टी’ ठरतं.

‘त्याला काही सांगता येत नाही, मग डोळे-कान कसे तपासणार?’ हा प्रश्न मला वारंवार विचारतात. तपासता येतात. बेरा (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी) आणि ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) या श्रवणचाचण्यांना मुलाच्या उत्तराची गरजच नसते. अक्षरं न ओळखणाऱ्या मुलासाठी ली चित्रांचा तक्ता आहे, ज्यात सफरचंद, घर, वर्तुळ आणि चौकोन असतात. मुलाने नाव सांगायचं नाही, हातातल्या कार्डावर जुळणाऱ्या चित्रावर बोट ठेवायचं. तेही जमत नसेल तर करड्या पृष्ठभागावर रेघा असलेली कार्डं दाखवतात आणि मुलाची नजर कुठे वळते ते पाहतात. या चाचण्या तज्ज्ञांकडून करून घ्या आणि अहवाल हातात आल्यावरच पुढचं ठरवा.

तुमच्या खोलीत तुम्ही चाळणीपुरतं पाहू शकता. चेंडू सावकाश डावीकडून उजवीकडे घरंगळवा, नजर त्याच्यामागे जाते का? वस्तू नाकाशी आणून पाहतं का? मान एका बाजूला कलवतं का? मागून हाक मारली तर वळतं का? इथे एक चूक हमखास होते. लोक मुलाच्या कानामागे टाळी वाजवतात. टाळीने हवा हलते, सावली पडते, जमीनही किंचित थरथरते. मूल वळलं ते नेमकं कशामुळे, हे मग सांगता येत नाही. मूल पाहत नसताना दोन हात अंतरावरून, सावली न पडू देता, हळू आवाजात हाक मारा.

पडताळा : चष्मा आहे तर डोळ्यांवर आहे का, काचा पुसलेल्या आहेत का? श्रवणयंत्र आहे तर बॅटरी चालू आहे का? हसू येईल इतकं साधं आहे, पण घरी विसरलेल्या चष्म्यामुळे सूक्ष्म कारक कौशल्यांचं (हाताबोटांच्या बारीक कामांचं) पान कोरं राहिलेलं मी पाहिलं आहे.

टप्पा ३ : खोली, खुर्ची आणि साहित्य

सहा वर्षांच्या एका मुलीला टेबलापाशी बसवून रेघ ओढायला दिली होती. रेघ दर वेळी थरथरत कागदाबाहेर जायची. ‘हाताचा ताबा कमी’ असं लिहूनही झालं होतं. खुर्ची उंच होती, तिचे पाय हवेत लोंबत होते आणि पडू नये म्हणून डाव्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. पायांखाली एक पाट सरकवला. डावा हात सुटला, कागदावर आला, आणि पुढची रेघ सरळ गेली नाही तरी कागदात राहिली. हात तोच होता. धडाला आधार मिळाल्यावर तो मोकळा झाला.

म्हणून आधी आसन. तळवे जमिनीला किंवा पाटाला पूर्ण टेकलेले, कंबर आणि गुडघे काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला. ज्याला बसून तोल सावरत नाही त्याला बाजूने आधार देऊनच हाताचं काम तपासा.

मग उजेड. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर मुलाला तुमचा चेहरा काळा दिसतो, आणि चेहऱ्यावरूनच ते अर्धी सूचना समजून घेत असतं. खिडकी त्याच्या पाठीशी किंवा बाजूला ठेवा. वस्तू आणि टेबल यांच्या रंगात फरक हवा. पांढऱ्या टेबलावरचा पांढरा मणी न उचलणाऱ्या मुलासमोर मी काळं कापड पसरलं, तेव्हा त्याने तो लगेच चिमटीत धरला.

साहित्य फार लागत नाही. अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, मोठे मणी आणि दोरी, जाड खडू, बोथट कात्री, झाकणाची बाटली, मऊ चेंडू, वेगवेगळ्या पोतांचे कापडाचे तुकडे, एक पिशवी, आणि किल्ली-चमचा-ब्रश अशा रोजच्या वस्तूंच्या जोड्या. एका वेळी टेबलावर एकच वस्तू. बाकीचं झाकलेलं.

वेळ २० ते ३० मिनिटं, त्याहून जास्त नाही. सगळं एका दिवसात उरकण्याचा आग्रह धरलात, तर शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही फक्त थकवा मोजाल. दोन-तीन भेटी ठेवा आणि जमल्यास वेगवेगळ्या वेळी ठेवा.

टप्पा ४ : सूचना आणि मदतीची पायरी

एक सूचना, चार-पाच शब्दांची. मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. खरंच मोजा, कारण तिसऱ्या सेकंदालाच आपण तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगू लागतो आणि मुलाच्या डोक्यात चाललेली जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दहा मोजूनही काही झालं नाही, तर मदत एकेक पायरीने वाढवा : सांगून, खुणेने, करून दाखवून, कोपराला हलका स्पर्श करून, शेवटी हातावर हात ठेवून. कोणत्या पायरीला काम झालं, ते लिहा. ‘करून दाखवल्यावर लगेच जमलं’ याचा अर्थ हात तयार आहे, शब्द समजले नव्हते. ‘हातावर हात ठेवला तरच जमलं’ याचा अर्थ वेगळा. ‘येत नाही’ या दोन शब्दांत हे दोन्ही गडप होतात.

सावधान : प्रमाणित चाचणी (ठरलेल्या पद्धतीनेच घेऊन गुण द्यायची चाचणी) घेत असाल तर तिच्या पुस्तिकेतल्या शब्दांत आणि क्रमानेच घ्या. तुम्ही जास्त मदत केली, वेळ वाढवून दिला, वस्तू बदलली, तर तिचे गुण लागू होत नाहीत. तो भाग आधी नियमाने पूर्ण करा. बदल करून काय दिसलं ते नंतर, वेगळ्या रकान्यात.

टप्पा ५ : पहिली दहा मिनिटं फक्त बघा

काही सांगू नका. खोलीत एक-दोन खेळणी ठेवा आणि कोपऱ्यात बसा. मूल आत कसं आलं, बसलं कसं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत-टेकत वर चढतं का (चढत असेल तर डॉक्टरांना नक्की कळवा, ते मांड्या-कमरेच्या स्नायूंच्या दुर्बलतेचं लक्षण असू शकतं), चवड्यांवर चालतं का, एकच हात वापरतं का. बुटांचे तळही उलटून पाहा. एकाच बाजूने किंवा फक्त पुढून झिजलेला तळ तुम्हाला चालीबद्दल बरंच सांगतो.

वर्षाच्या आतलं मूल प्रत्येक वेळी एकाच हाताने वस्तू घेत असेल, तर ‘डावखुरा दिसतो’ म्हणून सोडून देऊ नका. त्या वयात हात ठरलेला नसतो. दुसऱ्या बाजूच्या अशक्तपणाची शक्यता तपासून घ्यायला हवी.

टप्पा ६ : स्थूल कारक कौशल्यं

सोप्यापासून अवघडाकडे जा : आडवं असताना वळणं, बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं, पायऱ्या, उडी, एका पायावर उभं राहणं. नक्की येईल अशा गोष्टीपासून सुरुवात केली तर मूल तुमच्यासोबत राहतं.

तुलनेसाठी आकडे लागतात, पण ते पल्ले म्हणून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुलांनी आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा आला. याच अभ्यासात काही निरोगी मुलं रांगलीच नाहीत. म्हणजे एका न रांगण्यावरून काही ठरवू नये. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पायऱ्या आळीपाळीने पाय टाकत चढतं, चौथ्याच्या आसपास तसंच उतरतं.

‘चालतं’ एवढं पुरेसं नाही. किती अंतर, कोणत्या जमिनीवर, किती वेळा पडतं, वळताना काय होतं, हातात वस्तू असताना काय होतं, हे लिहा. स्नायूंचा ताण पाहताना पाय आधी सावकाश आणि मग झटकन हलवून पाहा. सावकाश हलताना मोकळा असलेला पाय झटक्यात अडत असेल, तर ती माहिती फिजिओथेरपिस्टला लागते. ताणाला अंक देण्याचं काम प्रशिक्षण असेल तरच करा.

पडताळा : उतरायला नकार देणारं मूल पायांमुळे थांबलं की डोळ्यांमुळे? पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा आणि पुन्हा पाहा.

टप्पा ७ : सूक्ष्म कारक कौशल्यं

पकड, सोडणं, दोन्ही हातांचा मेळ, हत्याराचा वापर या चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा. ‘सोडणं’ नेहमी विसरलं जातं. ठोकळा धरता येतो पण बोटं उघडत नाहीत, म्हणून मनोरा कोसळतो. अशा मुलाला पकडीचे व्यायाम देऊन काही साधत नाही.

अंगठा आणि तर्जनीची चिमूट साधारण ९ ते १२ महिन्यांत येते. दुसऱ्या वर्षाअखेर सहा ठोकळ्यांचा मनोरा अपेक्षित असतो. वर्तुळ पाहून काढणं तिसऱ्या, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन पाचव्या वर्षाच्या आसपास. पण आकृती पाहून काढण्यात तीन कामं गुंतलेली आहेत. आधी त्याला तशाच आकृतीवर बोट ठेवायला सांगा, म्हणजे आकार दिसतो आणि कळतो का ते समजेल. मग ठिपक्यांवरून गिरवायला द्या, म्हणजे हात समजेल. शेवटी कोऱ्या कागदावर काढायला द्या. पहिली दोन जमली आणि तिसरं अडलं, तर अडचण आकृतीची मनातल्या मनात मांडणी करण्यात आहे. बोटांना दोष देऊ नका.

बटणं लाकडी फळीवर तपासू नका. स्वतःच्या अंगातल्या शर्टाचं बटण खाली मान घालून, कमी दिसत असताना लावायचं असतं. फळीवर भराभर लावणारं मूल अंगावर अडकतं. काढणं लावण्यापेक्षा सोपं, म्हणून आधी काढायला सांगा.

सावधान : चिमूट पाहायला छोटी वस्तू लागते आणि वस्तू तोंडात घालण्याची सवय वय वाढलं तरी राहू शकते. सुमारे ३.२ सेंटिमीटर रुंदीच्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकण्याचा धोका मानला जातो. तोंडात घालणाऱ्या मोठ्या मुलालाही तोच नियम लावा. मणी दोरीला बांधून दोरी आपल्या हातात ठेवा, आधी आणि नंतर मोजा.

टप्पा ८ : संवेदन कौशल्यं

इथे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ जवळपास प्रत्येक अहवालात होते. पहिला : मुलाला संवेदना मिळते का? दुसरा : मिळालेल्या संवेदनेला ते कसा प्रतिसाद देतं? कानांवर हात ठेवणारं मूल उत्तम ऐकत असू शकतं किंवा कमीही ऐकत असू शकतं.

पहिल्या प्रश्नासाठी स्पर्शापासून सुरुवात करा. डोळे मिटायला सांगू नका, पुष्कळ मुलं त्याने घाबरतात. हात कापडाखाली किंवा उघड्या खोक्यात ठेवा, एका बोटाला स्पर्श करा आणि कोणतं बोट ते चित्रातल्या हातावर दाखवायला सांगा. वस्तू चाचपून ओळखण्यासाठी पिशवीत एक वस्तू ठेवा, तिच्या जोडीची आणि इतर दोन टेबलावर. नाव सांगायचं नाही, जोडी दाखवायची. त्याआधी उघड्या डोळ्यांनी जोडी लावता येते का ते पाहा. ते येत नसेल तर पिशवीची चाचणी स्पर्शाबद्दल काहीच सांगत नाही.

सांध्यांची जाणीव पाहण्यासाठी एक हात कापडाखाली ठेवून तुम्ही हळूच वाकवा आणि दुसऱ्या हाताने तसंच करायला लावा. तोलाची जाणीव पाहताना मोठ्या चेंडूवर बसवून सावकाश कलवा. धड सावरतं का, हात पुढे येतात का, चेहऱ्यावर भीती आहे की मजा?

सावधान : झटके येणाऱ्या किंवा मानेची शंका असलेल्या मुलाला गोल फिरवून तपासू नका. लुकलुकते दिवेही टाळा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोलीत पूर्ण मिळत नाही. घर, वर्ग, रस्ता, अंघोळ, केस विंचरणं अशा प्रसंगांत काय होतं ते पालक आणि शिक्षक दोघांनाही वेगवेगळं विचारा. सेन्सरी प्रोफाइलसारख्या प्रश्नावल्या याचसाठी असतात. खोलीत एका वेळी एकच उत्तेजना द्या. स्पर्श पुसट नको, ठाम हवा, आणि सुरुवात दंडापासून करा, चेहऱ्यापासून नाही. कापड आधी मुलाच्या हातात द्या, त्याला स्वतः लावू द्या. वास सगळ्यात शेवटी, कारण तो खोलीत रेंगाळतो आणि पुढचं सगळं बिघडवतो.

कॉलर चघळणाऱ्या मुलाला ‘संवेदना शोधतो’ असा शिक्का लगेच बसतो. आधी दात पाहा. किडलेला दात, येणारी दाढ, भीती, कंटाळा, आणि संवेदनेची भूक या सगळ्यांचं चघळणं बाहेरून सारखंच दिसतं. किमान दोन जागी आणि दोन वेगळ्या दिवशी दिसल्याशिवाय कोणताही शिक्का मारू नका.

लागलं तरी न रडणाऱ्या मुलाची नोंद अहवालाच्या पहिल्याच पानावर हवी. अशा मुलाचं हाड मोडलेलं किंवा कान पिकलेला दिवसेंदिवस कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं दुखणं चेहऱ्यावर येत नाही. जेवण कमी होणं, झोप उडणं, एकाच जागी हात नेणं, स्वतःला मारणं यातून ते बाहेर पडतं.

टप्पा ९ : नोंद आणि अहवाल

त्याच दिवशी लिहा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी : काय सांगितलं, मुलाने काय केलं, कोणत्या पायरीची मदत लागली, परिस्थिती काय होती.

‘सूक्ष्म कारक विकास कमी’ ही ओळ कुणाच्याच कामाची नाही. त्याऐवजी असं : ‘पायांना आधार आणि काळं कापड असताना उजव्या हाताच्या चिमटीने मणी पाचपैकी चार वेळा उचलला. बाटलीत सोडताना मनगट बाटलीच्या कडेला टेकवावं लागलं. डावा हात बाटली धरायला सांगितल्याशिवाय पुढे आला नाही.’ हे वाचून उद्या सकाळी काय करायचं ते शिक्षकाला कळतं.

प्रमाणित चाचणी निवडताना वयाचा पल्ला पाहा. कारक कौशल्यांच्या चाचण्यांपैकी पीबॉडी ही लहान मुलांसाठी, पाच वर्षांपर्यंत. बीओटी-२ ही ४ ते २१ वर्षांसाठी. तीव्र अक्षमता असलेल्या मुलाला वयानुसारची चाचणी दिली तर बहुतेक घरं शून्य येतात, आणि सगळ्या शून्यांमधून प्रगती मोजता येत नाही. तिथे तपशीलवार वर्णनच जास्त उपयोगी.

‘१२ वर्षांच्या मुलाचं कारक वय ३ वर्षं’ असं लिहिणं मी थांबवलं आहे. बारा वर्षांच्या मुलाची उंची, वजन, अनुभव आणि लाज बारा वर्षांचीच असते. तीन हा आकडा वाचला की लोक त्याला बाळासारखं वागवतात आणि बाळाची खेळणी पुढे करतात.

पडताळा : अहवाल देण्याआधी पालकांना वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे तुमच्याच मुलाबद्दल आहे असं वाटतं का?’ ‘घरी तर तो हे करतो’ असं उत्तर आलं, तर वाद घालू नका. कुठे, कसं, कशाच्या आधाराने करतो ते विचारा आणि तेही अहवालात लिहा.

टप्पा १० : पुन्हा तपासणी

पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी ठेवा. तीच खुर्ची, तेच ठोकळे, दिवसाची तीच वेळ. नवीन चष्मा लागला, श्रवणयंत्र बसलं, औषध बदललं किंवा शस्त्रक्रिया झाली, तर सहा महिने थांबू नका. मुलाला नव्या परिस्थितीची सवय होऊ द्या आणि टप्पा २ पासून पुन्हा सुरू करा. जुन्या कागदावरच्या ज्या फुल्या चष्म्यानंतर पुसल्या जातात, त्यांच्यावर बेतलेले व्यायाम त्याच दिवशी बंद करा.